किमान वेतन आणि कुटुंबाचा निर्वाह

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपल्याकडे पूर्वापार सांगितले जाते. मिळकतीच्या मर्यादेत खर्च बसवावा, हा या म्हणीतला उपदेश शहाणपणाचा आहे यात शंका नाही. परंतु अंथरूण मुळातच इतके आखूड असेल की अंगाचे मुटकुळे करूनही पाय उघडे पडावेत, तर हा उपदेश कोणाला करावयाचा? पाय आखडून घेणाऱ्याला, की अंथरूण बेतणाऱ्याला? किमान वेतनाच्या कायद्याने या जुन्या म्हणीचा क्रम उलटा केला. आधी पाय मोजा आणि मग अंथरूण बेता, असे त्याने मालकाला आणि सरकारला सांगितले. हे माप खरोखर घेतले गेले काय, आणि घेतलेल्या मापाबरहुकूम कापड फाडले गेले काय, हे पाहणे म्हणजेच किमान वेतनात कुटुंबाचा निर्वाह होतो की नाही, हे पाहणे होय.

हा प्रश्न एकट्या भारतापुढेच उभा राहिला असे नाही. १९०७ साली ऑस्ट्रेलियात शेतीची अवजारे बनविणाऱ्या एका कारखान्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती हिगिन्स यांच्यापुढे तो आला. अकुशल मजुराला किती वेतन दिले म्हणजे ते रास्त म्हणता येईल, हे ठरविण्यासाठी त्यांनी बाजारातील मजुरीचा दर प्रमाण मानला नाही. त्यांनी कामगारांच्या घरखर्चाच्या याद्या तपासल्या, आणि भाडे, किराणा, दूध, मांस यांची बेरीज झाल्यावरही कपडे, जोडे, भांडीकुंडी अशा कितीतरी गोष्टी हिशेबाबाहेरच राहतात, असे त्यांना आढळले. अखेर सुसंस्कृत समाजात राहणाऱ्या माणसाच्या सर्वसामान्य गरजा हा निकष मानून त्यांनी दिवसाला ७ शिलिंग हा दर ठरविला. वेतन हे श्रमाचे मोल तर आहेच, पण ते घराचे पोषणही आहे, ही कल्पना या निकालाने न्यायासनावर बसविली.

आपल्या देशात या प्रकारच्या मोजमापाचा आरंभ मुंबईत झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ साली शहरातील कामगार-कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. गिरणगावातील कामगाराच्या पोटात जाणारे धान्य दुष्काळी कामांवरील मजुरासाठी ठरविलेल्या प्रमाणाइतके भरते, परंतु तुरुंगाच्या नियमावलीत कैद्यासाठी नेमून दिलेल्या आहाराइतके भरत नाही, असा निष्कर्ष त्या अहवालात नमूद झाला. गुन्हा करून तुरुंगात गेलेल्या माणसाला जे अन्न मिळे, ते दहा-दहा तास साच्यावर उभा राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या कमाईतून मिळत नव्हते, असा याचा सरळ अर्थ होतो. पुढे मुंबई प्रांताच्या कापड-कामगार चौकशी समितीने १९४० सालच्या आपल्या अहवालात नवरा, बायको आणि दोन मुले अशा कुटुंबाला मुंबईत नीट राहण्यासाठी दरमहा ५० ते ५५ रुपये लागतील, असा अंदाज दिला.

किमान वेतनाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, व्हाइसरॉयच्या मंडळातील मजूर खात्याचे सभासद या नात्याने, एप्रिल १९४६ मध्ये. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली त्याचे कायद्यात रूपांतर झाले. विडी, चामडे, तेलगिरण्या, भातगिरण्या, खडी फोडणे, रस्तेबांधणी, शेती अशी जी कामे विखुरलेली होती, आणि जेथे कामगारांची संघटना उभी राहणे दुरापास्त होते, त्यांची एक अनुसूची या कायद्याला जोडण्यात आली. त्यांचे वेतनदर सरकारने ठरवावेत आणि पाच वर्षांच्या आत त्यांचा फेरविचार करावा, असे बंधन घालण्यात आले. परंतु कायद्यात एक उणीव राहिली. दर ठरवावेत असे कायद्याने सांगितले, पण ते कशाच्या आधारे ठरवावेत हे सांगितले नाही. पाय मोजावेत असे म्हटले, पण गज दिला नाही.

तो गज पुढील दशकात हळूहळू तयार झाला. १९४८ साली नेमलेल्या रास्त वेतन समितीने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या. सर्वांत खाली किमान वेतन, त्यावर रास्त वेतन आणि सर्वांत वर निर्वाह वेतन. केवळ जीव जगविण्यापुरते जे मिळते ते किमान वेतन नव्हे, असे या समितीने बजावले. कामगाराची कार्यक्षमता टिकावी इतपत शिक्षण, औषधपाणी आणि थोड्याशा सुखसोयी यांची तजवीज किमान वेतनातही असलीच पाहिजे, असे तिचे म्हणणे होते. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या ४३ व्या अनुच्छेदाने सर्व कामगारांना निर्वाह वेतन मिळवून देण्याचा प्रयत्न करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली.

यानंतर १९५७ साली भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने, सरकार, मालक आणि कामगार या तिघांच्या संमतीने, प्रत्यक्ष आकडे ठरविले. कामगाराचे कुटुंब तीन उपभोग-घटकांचे धरावे. म्हणजे पुरुषाचा १ घटक, पत्नीचा ०.८ आणि दोन मुलांचे प्रत्येकी ०.६, मिळून ३. बायकामुलांची मिळकत हिशेबात धरू नये. अन्न डॉ. अक्रॉइड यांच्या शिफारशीनुसार दर घटकामागे दिवसाला २,७०० उष्मांकांचे असावे. कापड माणशी वर्षाला १८ वार, म्हणजे चौघांना ७२ वार. घरभाडे सरकारी औद्योगिक गृहयोजनेत आकारल्या जाणाऱ्या किमान भाड्याइतके धरावे. जळण, दिवाबत्ती आणि इतर किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा ठेवावा. या निकषांचे महत्त्व मोठे आहे. मजुराच्या चुलीचा हिशेब राष्ट्रीय पातळीवर, सर्व पक्षांच्या साक्षीने मांडला जाण्याची ती पहिली वेळ होती.

तथापि या हिशेबात काही गृहीतके दडलेली आहेत, आणि ती उघड करून पाहिल्याखेरीज मूळ प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही. पहिले गृहीतक कुटुंबाच्या आकाराचे. या घरात म्हातारी आई नाही, विधवा बहीण नाही, तिसरे मूल नाही. आपल्याकडील संसाराची ज्याला थोडीशीही कल्पना आहे, त्याला हे घर कागदावरचे आहे हे लगेच कळेल. दुसरे गृहीतक कामाच्या स्वरूपाचे. २,७०० उष्मांक हे मध्यम श्रमाच्या माणसाचे प्रमाण आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१० साली जड श्रमाच्या पुरुषासाठी ३,४९० उष्मांकांची गरज दाखविली. पाठीवर पोती वाहणारा हमाल आणि दगडाच्या खाणीत घण मारणारा मजूर या दुसऱ्या वर्गात मोडतात, आणि किमान वेतनाचा कायदा तर मुख्यतः अशांसाठीच झाला. तिसरे गृहीतक घरभाड्याचे. सरकारी वसाहतीतील गाळा ज्यांना मिळाला ते भाग्यवान थोडेच. उरलेल्यांनी झोपडपट्टीतील खोलीसाठी काय मोजावे लागते, याचा विचार या आकड्यात नाही.

स्वतः सरकारला मालक या नात्याने या निकषांना तोंड द्यावे लागले, तेव्हा काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या वेतन आयोगाने १९५९ साली या निकषांचा विचार केला, परंतु ते जसेच्या तसे स्वीकारले नाहीत. केंद्र सरकारच्या सर्वांत खालच्या नोकराचे वेतन महागाई भत्त्यासह ८० रुपये ठरले. जुलै १९६० मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर १९६८ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांनी संप केला, त्यामागे गरजेवर आधारलेल्या किमान वेतनाची ही मागणी होती. अखेर सातव्या वेतन आयोगाने १९५७ सालचेच निकष हाती घेतले, त्यात नव्या काळाला अनुसरून भर घातली आणि १ जानेवारी २०१६ पासून दरमहा १८,००० रुपये ही किमान रक्कम ठरविली. खालच्या जागेलाही आता शिक्षणाची अट असते म्हणून कौशल्यासाठी काही अंश त्यात मिळविलेला होता, हे खरे. परंतु पुढच्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, सर्व देशासाठी म्हणून केंद्राने जी राष्ट्रीय किमान पातळी सुचविली ती दिवसाला १७६ रुपयांची होती. महिन्याचे २६ दिवस धरले तर ही रक्कम ४,५७६ रुपये होते. एकाच देशातील, एकाच बाजारात धान्य खरेदी करणाऱ्या दोन घरांसाठी मांडलेल्या या दोन आकड्यांत जवळजवळ चौपटीचा फरक आहे. तो केवळ कौशल्याचा फरक आहे, असे म्हणणे कठीण आहे.

ही राष्ट्रीय पातळी १९९६ साली ३५ रुपयांपासून सुरू झाली आणि २०१९ साली १७८ रुपयांवर आली. तिला कायद्याचे बळ नव्हते. ती राज्यांना केलेली सूचना होती. १७८ रुपयांचा हिशेब घरात नेऊन पाहिला म्हणजे तिचा अर्थ स्पष्ट होतो. २६ दिवसांचे ४,६२८ रुपये. परंतु मजुरी २६ दिवसांची मिळते आणि भूक तीस दिवस लागते. ३० दिवसांवर वाटले तर दिवसाला सुमारे १५४ रुपये, आणि चौघांत वाटले तर माणशी ३८ ते ३९ रुपये. यात दोन वेळचे जेवण, चहा, तेल, साबण, भाडे, वीज, कपडा, शाळा, दवाखाना, प्रवास आणि पाहुणा, सारे आले. शिवाय हे पूर्ण २६ दिवस काम मिळालेल्याचे चित्र आहे. सकाळी नाक्यावर उभे राहून ज्याला महिन्यातून पंधराच दिवस काम मिळते, त्याच्या घरी याच दराने माणशी २२ रुपये येतात.

सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेच हा आकडा अपुरा ठरविला. डॉ. अनुप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील या समितीने २०१९ साली आपला अहवाल दिला. तिने उष्मांकांचे प्रमाण २,४०० वर आणले, पण त्याबरोबर ५० ग्रॅम प्रथिने आणि ३० ग्रॅम स्निग्ध पदार्थ यांचाही आग्रह धरला. कुटुंब तीन घटकांऐवजी ३.६ घटकांचे मानले. या हिशेबाने जुलै २०१८ च्या किंमतींना धरून दिवसाला ३७५ रुपये, म्हणजे महिन्याला ९,७५० रुपये, अशी राष्ट्रीय पातळी तिने सुचविली, आणि शहरातील मजुरासाठी घरभाड्यापोटी दिवसाला ५५ रुपयांपर्यंत वेगळे सांगितले. उष्मांक कमी करूनही आकडा प्रचलित पातळीच्या दुपटीहून अधिक आला. प्रत्यक्षात त्यानंतर घोषणा झाली ती मात्र १७८ रुपयांची.

याचा अर्थ देशात सर्वत्रच दर इतके खाली राहिले, असा नव्हे. केंद्राच्या अखत्यारीतील बांधकाम, झाडलोट, हमाली अशा कामांसाठी मोठ्या शहरांतील अकुशल मजुराचा दर ऑक्टोबर २०२४ पासून दिवसाला ७८३ रुपये झाला. दिल्लीत एप्रिल २०२५ पासून अकुशल कामगाराचे किमान वेतन महिन्याला १८,४५६ रुपये ठरले. हे दर वर्षातून दोनदा निर्देशांकाशी जुळविले जातात, आणि कागदावर तरी ते निर्वाहाच्या जवळ येतात. तेव्हा किमान वेतनात निर्वाह होतो काय, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. कोणत्या सरकारने, कोणत्या कामासाठी, कोणत्या साली दर ठरविला, यावर ते अवलंबून आहे. दोन राज्यांच्या सीमेवरील दोन गावांत भावाभावाप्रमाणे राहणाऱ्या मजुरांना एकाच कामाचे दोन दर मिळतात, आणि दोघांच्याही पोटाची गरज एकच असते.

दर ठरल्यानंतरचा काळही महत्त्वाचा आहे. जुन्या कायद्याने पाच वर्षांची मुदत दिली होती. किंमती वर्षाला शेकडा ६ या गतीने वाढल्या, तर पाच वर्षांच्या शेवटी शंभर रुपयांत आरंभीचा पाऊणशे रुपयांचाच माल येतो. म्हणजे वेतनाला कोणी हात न लावताही त्यातील चौथा हिस्सा नाहीसा होतो. महागाईशी जोडलेला भत्ता नसेल तेथे हे घडतेच. त्यातही संसाराच्या खर्चाचे स्वरूप पालटत आहे. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकात २००१ च्या मालिकेत अन्नाचा भार शेकडा ४६.२ होता, तो २०१६ च्या मालिकेत ३९.१७ वर आला आणि किरकोळ म्हणून गणल्या जाणाऱ्या बाबींचा भार २३.२६ वरून ३०.३१ वर गेला. या किरकोळ बाबींत शाळेची फी आहे, औषध आहे, बसचे तिकीट आहे, दूरध्वनीचा खर्च आहे. सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात १९९१ साली हे ओळखले, आणि मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणवार व करमणूक, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी वेतनाचा चौथा हिस्सा आणखी धरला जावा, असे सांगितले.

ही भर घातली म्हणजे हिशेब कसा होतो, हे २०२० साली केंद्राने प्रसिद्ध केलेल्या मसुदा-नियमांवरून समजते. त्यात घरभाडे अन्न व कापड यांच्या खर्चाच्या एक दशांश, जळण-वीज व इतर खर्च वेतनाच्या पंचमांश, आणि शिक्षण-औषधपाणी वगैरेंसाठी वेतनाचा चौथा हिस्सा धरलेला होता. ही बेरीज करून पाहिली तर एकूण वेतन अन्न आणि कापड यांच्या खर्चाच्या बरोबर दुप्पट येते. समजा, एखाद्या कुटुंबाला अन्नवस्त्रासाठी महिन्याला १०,००० रुपये लागतात. मग वेतन २०,००० रुपये झाले पाहिजे, आणि त्यात घरभाड्याचे १,००० रुपये धरलेले आहेत. मुंबई, पुणे वा दिल्ली या शहरांत ज्याने डोक्यावर छप्पर शोधले आहे, त्याला हजार रुपयांत काय मिळते हे सांगावयास नको. उरलेले भाडे येते ते मुलाच्या वहीपुस्तकांतून, नाहीतर ताटातल्या भाजीतून.

परंतु दर किती, या प्रश्नाइतकाच तो कोणाच्या हाती पडतो, हा प्रश्नही मोठा आहे. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकामे चालली असता तेथील मजुरांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. दिवसाचा दर ९ रुपये २५ पैसे होता, परंतु जमादार त्यातून मजुरामागे रुपया कापून घेई, आणि बायकांच्या हाती ७ रुपयेच पडत. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे ही घटनेने निषिद्ध केलेली वेठबिगारीच होय, असा निकाल न्यायालयाने दिला. पोटाची भूक ही देखील एक सक्तीच आहे, हे त्या निकालातील तत्त्व. पुढच्या वर्षी राजस्थानातील दुष्काळी कामांवरील मजुरांनाही त्याच तत्त्वाचा आधार मिळाला.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे या दृष्टीने बोलकी आहेत. पहिले ऊसतोडणी कामगारांचे. बीड आणि आसपासच्या कोरडवाहू भागांतून हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात साखर कारखान्यांकडे जातात. मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली असते, आणि ती फेडण्यासाठी फडात उतरावयाचे असते. मजुरी टनावर मिळते. नवरा आणि बायको मिळून जी जोडी होते तिला ‘कोयता’ म्हणतात, आणि हिशेब मांडला जातो तो या कोयत्याचा. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, आणि डोक्यावर घेऊन त्या गाडीत भरते. आजारपणाने एक दिवस बुडाला तर खाडा धरला जातो. श्रम परिषदेने सांगितले होते की एका कमावत्याच्या वेतनात कुटुंब चालावे, आणि पत्नीची मिळकत हिशेबात धरू नये. येथे दोन माणसांचे श्रम एका नावावर मोजले जातात, तेव्हा कोठे संसार चालतो. आईबापांबरोबर खोपीत राहणाऱ्या मुलांची शाळा सुटते ती वेगळीच. निकषातील बायको मिळकत न करणारी आहे. फडातील बायको मिळकत करते, पण तिच्या नावावर ती दिसत नाही.

दुसरे उदाहरण सोलापूरच्या विडीकामगार स्त्रियांचे. येथे दर दिवसाचा नसून हजार विड्यांचा असतो. पाने भिजविणे, कापणे, तंबाखू भरणे, वळणे आणि दोरा बांधणे ही कामे घरी, स्वयंपाक आणि मुलांचे सांभाळणे यांच्या जोडीने होतात. कारखान्याकडून आलेली पाने निकृष्ट निघाली तर तूट भरून काढण्यासाठी पदरचे पैसे खर्च होतात. तयार मालातून ‘छाट’ म्हणून काही विड्या बाजूला काढल्या जातात, आणि त्यांची मजुरी मिळत नाही. हजारांचा दर कायद्याप्रमाणे अचूक असला तरी दिवसाच्या अखेरीस हजार भरत नाहीत, कधी सातशे भरतात, कधी आठशे. दर किमान वेतनाचा, आणि हाती येणारी रक्कम त्याहून कमी, असे कायदा न मोडताही घडू शकते.

याच्या विरुद्ध बाजूने जे म्हटले जाते, तेही ऐकून घेतले पाहिजे. किमान वेतन वाढविले तर लहान मालक काम बंद करील आणि आहे तो रोजगार जाईल, असा एक आक्षेप आहे. खुरपणीला दोन बायका लावणारा तीन एकरांचा शेतकरी स्वतः वर्षाकाठी मजुराइतके मिळवतो काय, असाही प्रश्न विचारला जातो, आणि तो खोटा नाही. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा अनुभव येथे उपयोगी आहे. १९८८ साली किमान मजुरीबरोबर योजनेवरील मजुरीही दुप्पट झाली. मजुरी वाढली, परंतु त्यानंतर कामे उघडण्यात हात आखडला गेला आणि मागेल त्याला काम ही हमी सैल पडली, असे अभ्यासकांना आढळले. वेतनाचा आकडा वाढवून पैशाची तरतूद न वाढविल्यास भार पुन्हा गरिबावरच पडतो, हा त्यातील धडा आहे.

तथापि या आक्षेपांचे तत्त्वतः उत्तर न्यायालयांनी फार पूर्वीच दिले आहे. केरळातील कौलांच्या धंद्यासंबंधीच्या १९६१ सालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतन ठरविताना मालकाच्या ऐपतीचा विचार अप्रस्तुत आहे. जो धंदा आपल्या मजुराला जगण्यापुरतेही देऊ शकत नाही, तो मजुराच्या घरातून उसनवारी करून चालतो. त्या धंद्याचा तोटा मजुराची मुले कमी खाऊन भरून काढतात. लहान शेतकऱ्याची अडचण खरी आहे, पण तिचा उपाय त्याच्या पिकाला योग्य दाम मिळण्यात आहे. एका गरिबाची उणीव दुसऱ्या गरिबाच्या मजुरीतून भरून काढणे हा काही न्याय नव्हे.

वेतनाखेरीज दुसराही एक मार्ग आहे, आणि त्याची शक्ती व मर्यादा दोन्ही ओळखल्या पाहिजेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. चौघांचे २० किलो धान्य दिवसाला सुमारे २,३०० उष्मांक देते. १९५७ च्या निकषानुसार तीन घटकांना लागतात ८,१०० उष्मांक. म्हणजे गरजेचा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भाग शिधापत्रिकेने भागतो. डाळ, तेल, भाजी, दूध यांचा भार मजुरीवरच राहतो. सरकारी शाळा चांगली असली, दवाखान्यात औषध मिळाले, घर जवळ आणि स्वस्त असले, तर त्याच वेतनात संसार अधिक सुखाने होतो. या सोयी नसल्या तर चांगले वेतनही खाजगी शिकवणीत आणि डॉक्टरच्या बिलात वाहून जाते. परंतु या सोयींचे निमित्त करून मजुरी कमी ठेवणे म्हणजे सार्वजनिक पैशाने मालकाला मदत करणे होय.

२०१९ साली वेतन संहिता संमत झाली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अंमलात आली. तिने १९४८ चा कायदा इतिहासजमा केला. जुनी अनुसूची गेली, आणि किमान वेतनाचा हक्क सर्व कामगारांपर्यंत पोहोचला. केंद्राने ठरविलेल्या पातळीच्या खाली कोणत्याही राज्याने दर ठरवू नये, असे बंधनही तिने घातले. जी पातळी पूर्वी नुसती सूचना होती तिला आता कायद्याचे बळ आले, ही लहान गोष्ट नाही. परंतु बळ आलेला आकडा कोणता, यावर सारे अवलंबून राहील. पातळी निर्वाहाच्या हिशेबाने ठरली तर ती मजुराच्या पायाखालची जमीन होईल. ती जुन्या सवयीने ठरली तर, इतकेच द्यावे लागते, असे सांगण्याचे साधन ती मालकाच्या हाती देईल.

म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. मोठ्या शहरातील सरकारी दर, पूर्ण महिन्याचे काम, चौघांचे घर आणि मध्ये हात न मारणारा मुकादम, एवढ्या चार गोष्टी जुळून आल्या तर किमान वेतनात कुटुंबाचा निर्वाह जेमतेम होतो. यांपैकी एक जरी चुकली तरी तो होत नाही, आणि बहुसंख्य मजुरांच्या बाबतीत एकाहून अधिक चुकतात. मग निर्वाह होतो तो बायकोच्या न मोजलेल्या श्रमाने, मुलाच्या सोडलेल्या शाळेने, सावकाराच्या उसन्या पैशाने आणि स्वतःच्या अर्ध्या भाकरीने. हा सारा खर्च मजुरीच्या हिशेबात कोठेच लिहिलेला नसतो.

१९२३ च्या अहवालाने मुंबईच्या कामगाराचे ताट आणि कैद्याचे ताट शेजारी मांडून दाखविले, त्याला शंभर वर्षे उलटून गेली. त्या काळी माप नव्हते असे म्हणता आले असते. आज माप आहे. ते तीन पक्षांनी मान्य केलेले आहे, न्यायालयाने त्यात भर घातली आहे, आणि सरकारने स्वतःच्या नोकरांसाठी ते वापरलेही आहे. त्या मापाने अंथरूण बेतले जाईपर्यंत मजुराला पाय आखडून घेण्याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.